चार सह्यांचा मृत्यू

नाकाशी सूत धरून घरातली वडीलधारी बाई जो निर्णय देई तो अखेरचा मानून तिरडीची तजवीज सुरू व्हावी, असा काळ फार मागे गेलेला नाही. कृत्रिम श्वसनयंत्र आले आणि हा अधिकार तिच्या हातून कायमचा सुटला. यंत्र छातीत हवा भरीत असते, त्या प्राणवायूवर हृदय चालत असते, हाताला ऊब लागते, आणि तरीही ज्या मेंदूस्तंभाच्या आज्ञेने मनुष्य आपण होऊन श्वास घेतो तो पुन्हा कधीही जागा न होण्याइतका नष्ट झालेला असतो. अशा देहास मृत म्हणावयाचे काय, आणि म्हणावयाचे तर ते कोणी, हा प्रश्न १९६८ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी हृदयरोपण केले तेव्हा उभा होता. उत्तर देणारा कायदा मात्र या देशाच्या दप्तरी नव्हता.

अवयवरोपणासंबंधीचा तो कायदा झाला १९९४ साली, आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश व केंद्रशासित प्रदेश येथे त्याचा अंमल प्रथम सुरू झाला. रुग्णालयाचा प्रमुख डॉक्टर, सरकारमान्य यादीतून त्याने नेमलेला एक स्वतंत्र तज्ज्ञ, त्याच यादीतला मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यचिकित्सक, आणि प्रत्यक्ष उपचार करणारा डॉक्टर, अशा चौघांच्या सह्यांवाचून मेंदूमृत्यूचा दाखला पुरा होत नाही. बाहुलीवर प्रकाश टाकून, कानात थंड पाणी सोडून, यंत्राचा आधार काही मिनिटे दूर करून श्वासाची हालचाल होते की नाही हे पाहून ज्या तपासण्या करावयाच्या, त्या किमान सहा तासांच्या अंतराने पुन्हा करावयाच्या असतात. चौघांची ही अट जाचक आहे, इंग्लंडात दोन डॉक्टरांवर भागते, अशी तक्रार वैद्यकवर्तुळात ऐकू येते. ती मला पटत नाही. मूत्रपिंडांच्या उघड बाजाराने ज्या देशात हा कायदा करणे भाग पाडले, तेथे शंकेखोर नातेवाइकास दाखवावयाला चार स्वतंत्र सह्या असणे ही चैन नव्हे. अडचण खरी होती ती मेंदूविकारतज्ज्ञ कोठून आणावयाचा ही. जिल्ह्याच्या गावी असा मनुष्य सहजी सापडत नाही. २०११ च्या दुरुस्तीने तीही बरीच दूर केली: तो न मिळाल्यास शल्यचिकित्सक किंवा फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता विभागाचा तज्ज्ञ नेमता येतो, मात्र ही मंडळी प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतली असता कामा नये. पदवीपेक्षा निःस्पृहता मोठी मानणारी ही अट मला या कायद्यातील सर्वांत शहाणी वाटते.

दोष आहे तो निराळ्याच ठिकाणी. ज्या कलमाने या चौघांना अधिकार बहाल केला, त्याचा आरंभच मृताच्या देहातून अवयव काढावयाचा असेल तर, अशा अर्थाच्या अटीने होतो. अवयव काढावयाचे नसतील तेव्हा काय, यावर कलम गप्प आहे. आणि १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात मृत्यूची जी व्याख्या आहे तीत मेंदूस्तंभाचा उल्लेखही नाही. परिणाम असा की शेजारशेजारच्या खाटांवर एकच अपघात, एकच इजा आणि एकाच निष्कर्षाच्या तपासण्या असलेले दोन देह असावेत, एकाच्या नातेवाइकांनी अवयवदानास होकार दिला म्हणून तो मृत ठरावा, आणि दुसऱ्याच्यांनी नकार दिला म्हणून त्याचे यंत्र हृदय आपण होऊन थांबेपर्यंत बहुधा चालूच राहावे. मग मृत्यू चौघांच्या परीक्षेने ठरला, की नातेवाइकांच्या संमतीने? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलेल्या आणि २०२३ साली सुलभ केलेल्या उपचारत्यागाच्या मार्गाने जावे असे कोणी सुचवील; पण तो मार्ग, त्याची ती दोन वैद्यकीय मंडळे, असाध्य अवस्थेतल्या जिवंत रुग्णाकरिता आहेत. जो गेलाच आहे त्याच्यासाठी जिवंताचा सोपस्कार करणे ही कायद्याने वैद्याकडून करवून घेतलेली लबाडीच होय.

केरळ सरकारने २०२० साली मेंदूमृत्यू जाहीर करणे आणि अवयवदान या दोन गोष्टींची फारकत करणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. राज्याच्या सूचनेने केंद्राच्या कायद्यातील व्याख्या बदलत नाही, हे खरे. म्हणूनच संसदेने १९६९ च्या कायद्यात मेंदूस्तंभमृत्यूचा स्पष्ट समावेश करून हे चार डॉक्टर, तीच यादी, तोच सहा तासांचा अवधी अवयवदान होवो वा न होवो सर्वत्र लागू करावा. अवयवदानाचा प्रश्न नातेवाइकांना त्यानंतर विचारावा. आधी मृत्यू सांगावा, मग मागणे मांडावे. आज पुष्कळदा हे दोन्ही इतके पाठोपाठ येते की ऐकणाऱ्याच्या मनात मागण्यासाठीच मारले असा विषारी संशय रुजतो.

आणि व्यवहाराचीही एक गोष्ट आहे, जी विधिज्ञांना क्षुल्लक वाटेल. पहिल्या खाटेवरच्या माणसाच्या दाखल्यावर दुसऱ्या तपासणीची वेळ पडते, दुसऱ्याच्या दाखल्यावर दोनतीन दिवसांनंतरची. दरम्यानच्या खाटेचे बिल घरावर बसते, विम्याचे आणि वारसाचे कागद त्या तारखेला धरून चालतात, आणि पुढल्या वर्षी गुरुजींनी तिथी विचारली की घरातली माणसे एकमेकांकडे पाहत राहतात.