घाट हाच जिना

दिवाळीच्या अंकात मी आगगाडीच्या मॉडेलबद्दल ओझरतं लिहिलं, तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमात भेटेल तो विचारतो, "काय, कुठवर आली गाडी?" गाडी अजून कालाकुंडच्या पुढे गेलेली नाही. पण त्याखालोखाल जो प्रश्न येतो तो जास्त चांगला आहे: "दोन मजली मॉडेल म्हणजे काय? आणि वरचा मजला हवाच कशाला?" या वेळचं सदर त्याच्यासाठी.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पुण्यातलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलेलं असेल. १९९८ साली सुरू झालेलं. तिथे एक अख्खं शहर मांडलेलं आहे आणि त्यातून गाड्या धावतात. समोर बसून पाहायला ते उत्तम. घरी मात्र वेगळं हवं असतं. घरी गाडी कुठून तरी निघून कुठे तरी पोहोचायला हवी. टेबलावरच्या गोल रुळावर गाडी दहा मिनिटं फिरली की लहान मुलंसुद्धा उठून जातात.

मला हवी होती आपली छोटी लाइन. महू, पातालपानी, कालाकुंड. इंदूरला रेल्वे यावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीनं. त्या पैशांतून विंध्याचल उतरणारा जो तुकडा झाला तो हा घाट. आता मोठ्या लाइनसाठी दुसरीकडून मार्ग काढताहेत आणि या घाटात सहलीची हेरिटेज गाडी तेवढी उरली आहे. आमचे काका या लाइनवर गार्ड होते. आज ते ८४ वर्षांचे आहेत आणि गुडघ्यांमुळे चाकाच्या खुर्चीत असतात. हे सांगण्याचं कारण पुढे येईल, आधी हिशोब.

पातालपानी ते कालाकुंड अंतर साधारण साडेनऊ किलोमीटर. माझं मॉडेल १:८७ मापाचं, म्हणजे खऱ्या ८७ मीटरला माझा १ मीटर. मीटरगेजचा रूळ या मापात साडेअकरा मिलिमीटर येतो, बाजारात १२ मिलिमीटरचा मिळतो, तो चालतो. पण साडेनऊ किलोमीटरचे होतात १०९ मीटर! माझी खोली ११ फूट बाय १३ फूट. भिंतीच्या कडेनं एक पूर्ण फेरी मारली तर कोपऱ्यांची वळणं धरून कसाबसा साडेअकरा मीटर रूळ बसतो. म्हणजे कापाकापी अटळ. तरीही जितकी लांबी मिळेल तितकी हवी, आणि जमीन वाढत नाही म्हटल्यावर माणूस शहरात जे करतो तेच इथे करायचं. मजला चढवायचा. भिंतीला ब्रॅकेट ठोकून एका फळीवर दुसरी फळी. खाली एक गाव, वर दुसरं.

इथपर्यंत सोपं आहे. खरी अडचण ही की गाडी खालून वर जाणार कशी?

या छंदातलं सर्वमान्य उत्तर म्हणजे हेलिक्स. स्प्रिंगसारखा गोल गोल चढत जाणारा रूळ, एखाद्या कोपऱ्यात डोंगराआड लपवलेला. मीही कागदावर तो काढून पाहिला. ६० सेंटिमीटर त्रिज्या धरली तर एका वेढ्याला पावणेचार मीटर रूळ लागतो. चढ ४० ला १ धरला तर एका वेढ्यात गाडी सव्वानऊ-साडेनऊ सेंटिमीटर वर येते. दोन मजल्यांत ४० सेंटिमीटर अंतर हवं, कारण त्याहून कमी असेल तर खालच्या मजल्यावर हात घालून घसरलेला डबा उचलता येत नाही. म्हणजे सव्वाचार वेढे, १६ मीटर रूळ. माझ्या खोलीच्या एका फेरीपेक्षा जास्त लांबी, आणि ती सगळी अंधारात. खऱ्या ताशी ३० किलोमीटरच्या हिशोबानं गाडी चालवली तर ती जवळजवळ तीन मिनिटं दिसणारच नाही. शिवाय सव्वा मीटर व्यासाचा तो पिंजरा खोलीचा कोपरा कायमचा खाणार.

अनेकांना हे चालतं. सपाट मुलखातली लाइन करणाऱ्यांना दुसरा इलाजही नसतो. त्यांच्या गोष्टीत चढ नसतोच, म्हणून तो लपवावा लागतो. आपल्या लाइनची गोष्टच चढाची आहे. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तेच डब्यात बंद करून ठेवायचं?

तेव्हा माझं उत्तर असं: वेगळा जिना नको, घाट हाच जिना. कालाकुंड-पातालपानीचा खरा चढ ४० ला १ आहे. मलाही १६ मीटरमध्ये ४० सेंटिमीटर चढायचं आहे, तेही ४० ला १ च. आकडा असा जुळला की मी वही मिटून चहा करायला गेले.

साडेअकरा मीटर भिंतीवर मिळतात, साडेचार कमी पडतात. त्यासाठी समोरच्या भिंतीच्या मध्यातून खोलीत एक जीभ बाहेर काढली, १०५ सेंटिमीटर रुंद. रूळ तिच्या एका बाजूनं येतो, टोकाला वळतो, दुसऱ्या बाजूनं परत जातो. दोन्हीकडच्या फळ्या आणि ही जीभ वजा केल्यावर प्रत्येक बाजूला ८० सेंटिमीटरची वाट राहते. ८० च का, तर काकांची खुर्ची.

आता मजल्यांच्या उंचीविषयी. या बाबतीत बहुतेक नकाशे फसतात असं माझं मत आहे, कारण ते वरून काढलेले असतात. कागदावर आपण देवासारखे वरून बघतो. खोलीत आपण बाजूनं बघतो, आणि प्रत्येकाचे डोळे वेगळ्या उंचीवर असतात. मी टेप घेऊन घरातल्या सगळ्यांची मापं काढली. उभी राहिले की माझे डोळे १४८ सेंटिमीटरवर. खुर्चीत बसलेल्या काकांचे ११५ वर. वरचा मजला १४० वर येणार होता. मला तो झकास दिसेल. काकांना फळीची खालची बाजू दिसेल. पूर्ण मॉडेल खाली आणावं तर खालचा मजला माझ्या गुडघ्यांशी जाईल आणि रोज कंबर मोडेल.

मग मी काकांनाच विचारलं, "काका, तुम्हाला या लाइनवर काय काय बघायचंय?"

"बघायचं काय त्यात? आयुष्यभर बघितलं," ते म्हणाले. "कालाकुंडला बँकर लागला पाहिजे. बाकी तू कर गं काय करायचं ते."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: खालून वर येणाऱ्या गाडीला घाट चढायला एक इंजिन पुरत नसे. कालाकुंडला तिच्या शेपटाला आणखी एक इंजिन लागे, ते पातालपानीपर्यंत ढकलत आणी. त्याला बँकर म्हणतात. ते लागेपर्यंत गाडी थांबलेली असे, म्हणून तर कालाकुंडच्या फलाटावर पानातला कलाकंद इतका खपला. गार्डाचा डबा शेवटी असल्यामुळे बँकर येऊन टेकल्याचा पहिला धक्का गार्डाला बसायचा. काकांच्या आठवणीत घाट म्हणजे धबधबा नाही, तो धक्का आहे.

आणि कालाकुंड तर खालचं स्टेशन. १०० सेंटिमीटरवर. ११५ वर डोळे असलेल्या माणसाला ते किंचित वरून, अगदी स्टेशनच्या छतावर उभं राहिल्यासारखं दिसतं. त्या क्षणी नकाशा पक्का झाला. कालाकुंड दाराच्या डावीकडच्या भिंतीवर, अडीच मीटर लांब, त्याच्यासमोर काकांची जागा. तिथून रूळ चढायला लागतो. मधल्या जिभेवर तो १०६ ते ११८ सेंटिमीटरच्या दरम्यान असतो, म्हणजे दरी, पूल, बोगदे बसलेल्या माणसाच्या थेट डोळ्यांसमोर. जिभेवर दुसरा मजला नाहीच, तिथे हवा मोकळी आहे. पुढे उजवी भिंत, मग दार, आणि शेवटी कालाकुंडच्या डोक्यावरून जाऊन १४० वर पातालपानी आणि महू. ते उभ्या माणसांचं. महूचं यार्ड माझ्या भाचीनं मागून घेतलं आहे, तिचे डोळे १५२ वर.

धबधबा जिभेवर घ्यावा, छान दिसेल, असं दोघातिघांनी सुचवलं. नाही. तो पातालपानी स्टेशनाजवळ आहे आणि तिथेच राहील. तेवढ्या तुकड्यात वरची फळी अर्धवर्तुळात कापून मागचा पडदा वरपासून खालपर्यंत सलग ठेवणार आहे. खुर्चीतून तो खालून वर पाहावा लागेल. दरीत उभं राहिलं की तसाच पाहावा लागतो.

दाराचा प्रश्न सगळ्यांना पडतो. रूळ दार ओलांडतो तिथे वाकून खालून जायचं, ही पद्धत तरुणांची. आमच्याकडे फाटक आहे, बिजागरीवर बाहेर उघडणारं, आणि तेही दोन मजली. वरच्या कप्प्यातून साधारण १३२ सेंटिमीटरवर घाटाचा रूळ जातो. खालच्या कप्प्यातून, १०० वर, कालाकुंडहून खंडव्याकडे जाणारा. हा खालचा रूळ समोरच्या भिंतीवर चढत्या घाटाखाली तीन लपवलेल्या लाइनींत संपतो. चोरल, बडवाह, मोरटक्का, सगळा निमाड त्या तीन लाइनींत सामावला आहे. गाड्या तिथे आपल्या पाळीची वाट बघत उभ्या राहतात. वर २० सेंटिमीटर मोकळे ठेवले आहेत, नाहीतर अडकलेली गाडी बाहेर काढणं हा स्वतंत्र छंद होतो. फाटक उघडलं की एक छोटा स्विच दोन्ही बाजूंच्या मीटरभर रुळाची वीज तोडतो. हे करायलाच हवं. १३२ सेंटिमीटरवरून पडलेलं इंजिन दुरुस्त होत नाही.

ज्यांना स्वतः काही करून पाहायचं असेल त्यांनी लाकूड आणण्यापूर्वी एक प्रयोग जरूर करावा. दोन मीटरची सरळ फळी घ्या, रूळ ठोका, एका टोकाखाली पाच सेंटिमीटरचा ठोकळा ठेवा. झाला ४० ला १ चा घाट. आपलं इंजिन किती डबे ओढतं ते पाहा, आणि त्यातला एक कमी धरा. कारण वळणावर चाकं घासतात आणि चढ आहे त्याहून जास्त जाणवतो. अमेरिकेतल्या मंडळींचा एक ठोकताळा आहे. सेंटिमीटरमध्ये मांडला तर, ८१ ला वळणाच्या त्रिज्येनं भागा, जितकं उत्तर येईल तितके टक्के चढ वाढला समजा. माझ्या जिभेच्या टोकाला त्रिज्या ४५. म्हणजे १.८ टक्के. मूळचे अडीच धरून झाले ४.३. हे फार आहे. म्हणून तेवढ्या वळणात चढ ६० ला १ केला. खऱ्या रेल्वेतही वळणावर चढ असाच हलका करतात. मजल्यातलं अंतर सेंटिमीटरभर कमी झालं, बिघडलं काही नाही.

फळीवर माझं इंजिन चार डबे घेऊन निम्म्यात चाकं फिरवत बसलं. मला केवढा आनंद झाला! बँकर आता शोभेचा राहिला नाही, तो लागणारच. (इंजिनं बाजारात तयार मिळत नाहीत. १२ मिलिमीटरची स्विस चाकं-मोटर आणि वर आपल्या वायडीएम-४ चा घरी केलेला सांगाडा, असा संकर आहे.) दोन्ही इंजिनांना वेगवेगळ्या आज्ञा देता याव्यात म्हणून डिजिटल नियंत्रण घेतलं आणि मागचं इंजिन पुढच्यापेक्षा किंचित मंद ठेवलं. मागून जोर जास्त झाला की वळणावर मधले हलके डबे बाहेर फेकले जातात.

राहिला वेळेचा प्रश्न. असली मॉडेलं वर्षानुवर्षं चालतात. रीतसर पद्धत म्हणजे आधी सगळी चौकट, मग सगळा रूळ, मग सगळ्या तारा, शेवटी देखावा. सुतारानंही तेच सांगितलं, आणि त्याचं बरोबर होतं. पण काका ८४ वर्षांचे आहेत. मी फक्त कालाकुंड, तीन लपवलेल्या लाइनी आणि घाटाचे पहिले दोन मीटर आधी पूर्ण करायचं ठरवलं, सिग्नल, फलाट, कलाकंदवाल्यासकट. वरच्या मजल्याचे ब्रॅकेट भिंतीत आहेत, त्यांवर फळी नाही. महू पुढच्या वर्षी होईल, नाहीतर त्याच्या पुढच्या.

सध्या गाडी खंडव्याकडून येते, कालाकुंडला थांबते, बँकर लागतो, दोन मीटर चढते आणि फळी संपते म्हणून मागे येते. काका नियंत्रक मांडीवर घेऊन हे संध्याकाळी पाच-सहा वेळा करतात. बँकर टेकताना ते वेग इतका कमी ठेवतात की डबे हलत नाहीत, आणि मला आवाज न करता उभं राहायला सांगतात. काल त्यांनी भाचीला हिरवी झेंडी धरायची कशी ते दाखवलं. तिनं विचारलं, "आजोबा, गाडी वर कधी जाणार?"

"लाइन क्लिअर मिळाली की," ते म्हणाले, आणि बँकर परत मागे घेतला.