पदवीचे नाव नको, पाया मागा

सीईटीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत करिअर मार्गदर्शनाची शिबिरे भरतात. हेतू चांगला असतो, गर्दीही होते. पण व्यासपीठावरून हल्ली एकच सूर ऐकू येतो: जमाना एआयचा, डेटा सायन्सचा, सायबर सिक्युरिटीचा आहे, साध्या कॉम्प्युटर, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकलमध्ये आता काही उरले नाही. हा सल्ला चुकीचा आहे आणि आपल्या मुलामुलींना तो सर्वांत महाग पडतो.

चांदीपसारख्या गावातून इंजिनिअरिंगला जाणारा मुलगा बहुधा घराण्यातला पहिला असतो. त्याच्या फीमागे अम्मीचे दागिने असतात, मामूंकडची उसनवारी असते, कधी बहिणीचे थांबवलेले शिक्षणही असते. पैसेवाल्याच्या मुलाची शाखा चुकली तर तो परदेशात एमएस करून ती दुरुस्त करतो. आपल्याला ती सोय नाही. ज्याला एकच संधी आहे त्याने सतराव्या-अठराव्या वर्षी चार वर्षे आणि घरची पुंजी एका फॅशनवर लावणे हा जुगार आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात हत्यारे फार लवकर मरतात. एके काळी वेबसाइट म्हटली की फ्लॅश यायलाच हवे असायचे. 31 डिसेंबर 2020 ला अडोबीने स्वतःच ते बंद केले. उलट, ज्या टीसीपी-आयपीवर इंटरनेट चालते त्यावर अर्पानेट 1 जानेवारी 1983 ला आले आणि आजही आपला फोन त्यावरच चालतो. डेटाबेसमागचा रिलेशनल विचार एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडला. बँकांचे व्यवहार आजही त्यावर उभे आहेत. गणित, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, अल्गोरिदम हा पाया ज्याचा पक्का, तो नवे हत्यार काही महिन्यांत शिकतो.

कुणी म्हणेल, कलाम साहेबांनी तर एरोनॉटिकल केले! केले, पण त्याआधी तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजात फिजिक्सची पदवी घेतली. मद्रासच्या एमआयटीची फी भरायला बहिणीने सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली, ती त्यानंतर. आधी पाया, मग विशेष शिक्षण.

दुसरा बचाव असा: एआय शाखेचा बराचसा अभ्यासक्रम कॉम्प्युटरचाच असतो, मग नुकसान काय? तसे असेल तर नव्या नावासाठी लांबचे कॉलेज किंवा जास्त फी कशाला? आणि जे नवे विषय घातले, त्यांच्यासाठी जुने कोणते काढले? दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून एकदा वाचा. शिवाय किमान दोन तुकड्या बाहेर पडल्याशिवाय शाखेला एनबीए मानांकन मिळत नाही. म्हणजे कालपरवा उघडलेल्या शाखेची पारख तुमच्या पैशांवर होणार.

एआय शिकूच नका, असे मी म्हणत नाही. एआयसीटीईच्या चौकटीत 160 क्रेडिटच्या पदवीबरोबर 18 ते 20 जादा क्रेडिट करून ऑनर्स किंवा मायनर घेता येते. कॉलेजात ती सोय असेल तर पदवी कॉम्प्युटरची आणि मायनर एआयची, असा रस्ता उघडा आहे. ज्याची आवड खरोखर पारखलेली आहे, ज्याने बारावीपर्यंत गणित मनापासून केले आहे आणि ज्याला चांगले शिक्षक असलेले कॉलेज मिळते आहे, त्याने खुशाल थेट जावे. माझे भांडण होर्डिंग पाहून फॉर्म भरण्याशी आहे.

आता आपल्या पालघर जिल्ह्याकडे पाहा. तारापूरची एमआयडीसी, वसईतले कारखान्यांचे गाळे, विरार-बोईसरला होणारी बुलेट ट्रेनची स्थानके, वाढवणचे बंदर. ते बंदर हवे की नको हा वाद वेगळा आणि मच्छीमारांचा प्रश्न खरा. पण या कामांना लागणारे इंजिनिअर सिव्हिल, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकलचेच असतात. यूपीएससीची इंजिनिअरिंग सेवा परीक्षाही चारच विषयगटांत होते: सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन. घराजवळची नोकरी आणि सरकारी नोकरी, दोन्ही दारे आपण स्वतःच बंद का करायची?

मुलींसाठी एक गोष्ट ठळकपणे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ आहे. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत. इतरांना ईडब्ल्यूएसचा दाखला मिळू शकतो. पण माफी कॅप फेरीतून प्रवेश घेतला तरच मिळते. चमकदार शाखेसाठी मॅनेजमेंट कोट्यात गेलात की ती गेली. जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला निकालानंतर शोधायची वस्तू नाही. अकरावीतच अर्ज करा.

आणि शिबिरे भरवणाऱ्या आपल्या संस्थांना, जमातींना सांगणे आहे: कॉलेजच्या एजंटाला व्यासपीठ देऊ नका. त्याऐवजी मोहल्ल्यातून इंजिनिअर झालेल्या चौघांना बोलवा, दाखल्यांचे टेबल लावा. वाचकहो, पुढच्या शिबिरात माइक तुमच्या हाती आला तर तीन प्रश्न विचारा. या शाखेचे पूर्णवेळ शिक्षक किती, आणि ते काय शिकलेले? मूळ शाखेतले कोणते विषय वगळले? आतापर्यंत किती तुकड्या बाहेर पडल्या, आणि त्या आज कुठे आहेत? उत्तर मिळाले नाही, तर त्या शाखेचा क्रमांक ऑप्शन फॉर्मवर खाली ढकला.