आकड्याशेजारी रीतही लिहा

खाडीच्या वा नदीच्या तळाशी साचलेला विषारी गाळ उपसून दुसऱ्याच्या दारी नेऊन टाकण्याऐवजी, त्याच जागी सक्रिय कोळसा मिसळून त्यातील विष बांधून ठेवावे, हा विचार गेल्या दोन दशकांत प्रयोगशाळेच्या उंबरठ्याबाहेर पडला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील हंटर्स पॉइंट या जुन्या आरमारी गोदीजवळच्या चिखलात आणि 2006 साली न्यूयॉर्क राज्यातील ग्रास नदीत ‘पीसीबी’ या चिवट क्लोरीनयुक्त रसायनांवर हा उपाय करून पाहण्यात आला. एक ग्रॅम सक्रिय कोळशाच्या सूक्ष्म रंध्रांचे अंतर्गत क्षेत्रफळ सुमारे हजार चौरस मीटर भरते. विषाचे रेणू तेथे चिकटले म्हणजे गाळातील किड्यांच्या आणि पुढे माशांच्या शरीरात ते उतरण्याचे प्रमाण घटते. मात्रा साधारणतः कोरड्या गाळाच्या वजनाच्या 2 ते 5 टक्के असते. परंतु ती मात्रा भरतीओहोटीत आणि पुरात जागेवर टिकली की वाहून गेली, हे ठरविण्यासाठी काळ्या चिखलातील काळा कोळसा मोजता यावयास हवा, आणि हे काम वरवर दिसते तितके सुगम नाही.

अडचण मुळातच आहे. कोळशातही कर्ब आणि कुजलेल्या पाचोळ्यातही कर्ब. तेव्हा आधी पाचोळा नष्ट करावा आणि जे तगून राहील त्यास कोळसा म्हणावे, याच तत्त्वावर बहुतेक रीती उभ्या आहेत. एका रीतीत बारीक वाटलेला नमुना मुबलक हवेत 375 अंश सेल्सियसच्या भट्टीत 24 तास ठेवतात आणि चुनखडीचा अंश आम्लाने काढून टाकून उरलेला कर्ब मोजतात. दुसरी रीत ओली. तीत भट्टीचे काम पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्ल करतात. नॉर्वेतील संशोधकांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, कोळसा स्वतः तोलून मिसळून या दोन्ही रीतींची परीक्षा घेतली. तीन मातींत भट्टीने बिनचूक उत्तर दिले. पण दोन गाळांत त्याच तापमानास पुष्कळसा कोळसा जळून नाहीसा झाला, बहुधा गाळातील काही घटकांनी ज्वलनास साहाय्य केल्यामुळे. ओल्या रीतीने मात्र गाळातला 92 ते 95 टक्के कोळसा परत हाती दिला. भट्टी तीच, अंश तेच, केवळ माती बदलली आणि हिशेब फिरला, ही गोष्ट ज्यांना सरकारी तिजोरीतून अशा कामांवर खर्च करावयाचा आहे त्यांनी फार गांभीर्याने घ्यावी असे मला वाटते.

हा प्रश्न परदेशच्या खाड्यांपुरता आहे, असे समजण्याचे कारण नाही. आपल्याकडे माती परीक्षणात ‘सेंद्रिय कर्ब’ म्हणून जो आकडा मिळतो, तो बहुधा वॉकली आणि ब्लॅक यांनी 1934 साली मांडलेल्या रीतीने काढलेला असतो. शंकुपात्रात तोलून घेतलेली माती, तीवर नारिंगी डायक्रोमेट, मग जपून ओतलेले तीव्र गंधकाम्ल. पात्र हाताला चटका बसेल इतके तापते, अर्धा तास ते तसेच ठेवावयाचे, पाणी व रंगदर्शक घालावयाचे, आणि मग फेरस अमोनियम सल्फेट थेंबाथेंबाने सोडीत जावे तो निळसर-जांभळा रंग एकाएकी हिरवा होतो. त्या क्षणाच्या वाचनावरून शेतकऱ्याच्या माती परीक्षण पत्रिकेवरचा आकडा निघतो. येथे आम्लाच्या उष्णतेने जेवढा कर्ब जळाला तेवढाच मोजला जातो, आणि राहिलेल्याची भरपाई म्हणून उत्तरास सर्रास 1.3 ने गुणतात. पण कोळशाचे बरेचसे कण या पात्रात जवळजवळ जसेच्या तसे राहतात. म्हणजे द्रव्ये तीच असूनही माती परीक्षणाची रीत जळालेले मोजते, वर सांगितलेली ओली रीत उरलेले; आणि कोकणातल्या भाताच्या रोपवाटिकेत पिढ्यान्‌पिढ्या राब भाजून मुरलेला कोळसा आपल्या पत्रिकेत जेमतेमच उमटतो. उलट, नमुना अतितप्त भट्टीत सरसकट जाळणाऱ्या यंत्रात आम्लाची प्रक्रिया आधी केली नाही, तर काळ्या रेगुरातील चुनखडीचा कर्बही त्यात मिसळतो. दोन प्रयोगशाळा प्रामाणिकपणे दोन निराळे आकडे देतील, आणि शेतकरी बुचकळ्यात पडेल.

आता तर या आकड्यांस बाजारभाव आला आहे. पऱ्हाट्या व काडीकचरा हवेवाचून भाजून केलेला कोळसा, ज्याला बायोचार म्हणतात, जमिनीत मिसळून त्याबद्दल कर्बपत्रे (कार्बन क्रेडिट) विकली जातात. त्यांचा हिशेब मुख्यतः भट्टीतून निघालेल्या मालाच्या वजनावर आणि त्यातील हायड्रोजन-कर्बाच्या गुणोत्तरावर चालतो. भट्टीपाशी तोलणे गैर नाही. किंबहुना तेच सोपे आणि अधिक अचूक आहे. परंतु माल शेतात पडला, याचा दाखला शेतातूनच मिळावयास हवा, नाही तर अशा कराराची खातरजमा कागदावरच राहील. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय तुलनेत 17 प्रयोगशाळांनी 12 ठरावीक नमुने सात रीतींनी तपासले, तेव्हाही उत्तरांत मोठी तफावत निघाली. मग रीतीचे नावच न लिहिलेल्या अहवालावर पैसा मोजणे कितपत रास्त?

रीती पडताळून पाहण्यास खर्च येईल, ही हरकत खरी आहे, पण अडचण दुर्लंघ्य नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांकडे हे काम सोपवावे. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती, कोकणची जांभी माती आणि ठाणे खाडीचा गाळ यांत ठाऊक वजनाचा कोळसा मिसळून तो किती परत मिळतो, हे प्रत्येक रीतीने तपासावे; बेसाल्टातून झिजून आलेल्या लोहयुक्त गाळात भट्टीची रीत दगा देण्याचा संभव मला अधिक वाटतो, म्हणून तेथे आरंभ करणे इष्ट. शासनाच्या प्रत्येक निविदेत आकड्याशेजारी रीत, तापमान आणि परत मिळालेल्या कोळशाचे प्रमाण लिहिण्याचा शिरस्ता घालावा, कोळसा टाकण्यापूर्वीच्या मातीचा नमुना सक्तीने घ्यावा. आणि ज्या शेताच्या नावाने कर्बपत्र विकले गेले, त्या शेतातील मातीची एक मोहोरबंद बाटली विद्यापीठाच्या दप्तरी ठेवावी, म्हणजे पुढे अधिक चांगली रीत हाती आल्यास त्याच मातीची फेरतपासणी करता येईल.