धूर नसलेले स्वयंपाकघर

९ डिसेंबर हा लेखिका बेगम रोकेया सखावत हुसैन यांचा जन्मदिन आणि स्मृतिदिनही. जन्म १८८० चा, रंगपूरजवळच्या पैराबंदचा. मृत्यू १९३२ मध्ये, कोलकात्यात. बांगलादेश हा दिवस 'रोकेया दिन' म्हणून पाळतो. आपल्याकडे तो कुणाच्या ध्यानीमनीही नसतो.

विज्ञानकथेतल्या आदर्श समाजाचा विषय निघाला की एच. जी. वेल्सचे नाव हमखास येते. त्याचे 'अ मॉडर्न यूटोपिया' १९०५ चे. त्याच वर्षी मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये रोकेयांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा छापून आली. लेखिकेने स्वतः कधी शाळेची पायरी चढलेली नव्हती. वेल्सच्या राज्याचा गाडा 'सामुराई' नावाचा निवडक वर्ग हाकतो. रोकेयांची सुलताना मात्र स्त्रीराज्यात जाते आणि स्वयंपाकघर बघते. तिथे ना कोळसा, ना धूर, ना धुराडे. रांधणे सगळे सूर्याच्या उष्णतेवर. पुरुष मर्दान्यात कोंडलेले, आणि त्यांची कचेरीची कामे बायका दोन तासांत हातावेगळी करतात. पुरुषांना सात तास का लागत, याचा हिशेबही आहे: एक चिरूट अर्धा तास जळतो, दिवसाला बारा चिरूट, म्हणजे सहा तासांचा धूर!

अर्ध्या समाजाला डांबून उरलेल्या अर्ध्याने सुखी व्हायचे, हा काही आदर्श नव्हे. पण रोकेयांनी फक्त जागांची अदलाबदल केली, आणि एवढ्यानेच जनाना किती अमानुष होता ते उघडे पडले. वेल्सचे राज्य पटते, रोकेयांचे झोंबते.

कथेत बायका हवेतल्या गाड्यांतून फिरतात. प्रत्यक्षात रोकेयांनी १९११ साली कोलकात्यात आठ मुलींवर शाळा सुरू केली; पुढे मुलींना आणायची मोटार आली, ती चहूबाजूंनी अशी बंद होती की आत मुलींना भोवळ येई. झडपा काढून पडदे लावले. ते वाऱ्याने उडू लागताच पडदा मोडला म्हणून तक्रारीची पत्रे आली. ही हकिगत रोकेयांनीच 'अवरोधबासिनी' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. स्वप्न लिहून ही बाई थांबली नाही; पडद्यांशी, पत्रांशी आणि पालकांशी ती पुढची दोन दशके झुंजली. त्यामुळेच तिच्या स्त्रीराज्याला वेल्सच्या राज्यापेक्षा वजन आहे.

'सखावत मेमोरियल' ही तिची शाळा कोलकात्यात लॉर्ड सिन्हा रोडवर आजही भरते.