मस्कत जवळ, शहापूर दूर

मोपा ते मस्कत हवाई अंतर सुमारे 1,850 किलोमीटर. थेट विमान ते जेमतेम तीन तासांत कापते. बेळगावच्या शहापुरातून चोर्ला घाटमार्गे मोपाला यायचे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत, तरी मोटारीला जवळपास तितकाच वेळ लागतो. पावसाळ्यात दरड कोसळली, की सारा हिशेब कोलमडतो. सांबऱ्याचा विमानतळ शहापूरकरांच्या उशाशी आहे, पण तेथून आखाताकडे थेट विमान नाही. 5 जानेवारी 2023 रोजी मोपाहून विमाने सुटू लागली. सीमाभागातला आखाती नोकरदार हा त्याचा हक्काचा प्रवासी. त्याला टिकवायचे तर घाटरस्ता सुधारावा लागेल. तो रस्ता गोवा आणि कर्नाटकात विभागलेला आहे, आणि म्हादईवरून ही दोन्ही सरकारे सर्वोच्च न्यायालयात समोरासमोर उभी आहेत.