पायाखालची फरशी

एखादी गोष्ट माझ्या डोक्यात बसली की बसली. या मार्चमध्ये बसलं होतं वूडन फ्लोअरिंग. आणि तेही पुण्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये नाही, थेट उमरखेडच्या आमच्या घरी! कारण तसंच होतं. गेल्या दिवाळीत माजघरातल्या वर आलेल्या फरशीला अडखळून आई पडली. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. बोनस जमा झाल्या झाल्या मी ठरवलं, ही फरशी आता जाणार.

प्लॅन एकदम रेडी होता, लंच-अवरला व्हिडिओ बघून पाठ केलेला. आधी प्लायवूडच्या शीट्स, स्क्रूने घट्ट, त्यावर लॅमिनेट. मिस्त्रीकाकांना लॅपटॉपवर सगळं दाखवलं. त्यांनी शांतपणे चहा संपवला, खिशातून पाचाचं नाणं काढलं आणि उकिडवं बसून एकेक फरशी वाजवायला लागले. टण्, टण्... आणि मधेच ढब्!

“ताई, प्लाय टाकता येते. पण खाली काय हाये ते पायलं का?”

खाली काय असणार? पैनगंगेच्या खोऱ्यातली काळी माती. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची शहाबादी तिच्याबरोबर वरखाली. व्हिडिओतली घरं अमेरिकेतली, जमीन लाकडी तुळयांवर उचललेली, तिथे प्लाय हवंच. आमच्याकडे ओल आणि वाळवी त्याचा फडशा पाडणार. आयएस ७१० मार्कचं मरीन प्लाय आणलं तरी ते पाण्याला टिकेल, हलणारी माती थोडीच थांबवणार? (तुमच्या फ्लॅटमध्येही नाणं वाजवून बघा. ढब् आलं तर टाइलने खालचा माल सोडलाय.)

बाबा इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तेव्हा मुरमाच्या ट्रॉल्या परवडल्या नाहीत गं. मास्तरचा पगार. मातीवरच वाळू पसरली अन् फरशी टाकली. मिस्त्री नको म्हणत होता.” दिवाळीपासून हा माणूस दवाखान्याचा विषय का टाळत होता, ते मला तेव्हा कळलं. मी मात्र फोनवर प्रत्येक वेळी ‘कसली ती भंगार फरशी’ म्हणून ऐकवत होते!

लॅपटॉप बंद केला. दोन फूट काळी माती उपसली. मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून, धुमसने ठोकला. त्यावर दगडाचं सोलिंग, मग चार इंच काँक्रीट. आठवडाभर बाबा सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन त्यावर पाणी मारत होते, कुणाला हात लावू दिला नाही. वर साध्या, न घसरणाऱ्या मॅट टाइल्स. बोनसचा मोठा भाग कुणाला न दिसणाऱ्या मुरमात आणि काँक्रीटमध्ये गेला. लॅमिनेटचं नावही निघालं नाही.

जुन्या शहाबादी फरश्या परसात धुण्याच्या दगडाभोवती लागल्यात. आई बघायला आली, नव्या टाइलवर दोनदा पाय आपटला आणि म्हणाली, “एवढे पैसे मातीत घातलेस होय?”