मोटारीच्या ए.सी.चा गॅस: भरण्याआधी गळती शोधा

मोटारीच्या ए.सी.मध्ये दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो, असा समज आपल्याकडे पक्का रुजला आहे. पेट्रोल जळते, इंजिन ऑइल काळे होते, तसाच गॅसही वापरून संपत असेल, असे ग्राहक धरून चालतो आणि मिस्त्रीही त्याची समजूत दूर करत नाही. आमच्या मते जुन्या गाड्यांच्या धंद्यातील हा सर्वांत महागडा गैरसमज आहे. त्यात ग्राहकाचा पैसा जातोच, पण शेवटी गॅरेजचे नावही खराब होते. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरची चूल गॅरेजवर पेटते, म्हणून हा विषय या पानावर घेत आहोत.

ए.सी.मधला गॅस जळत नाही आणि झिजतही नाही. तोच गॅस कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरमध्ये, तिथून आतल्या कूलिंग कॉइलमध्ये आणि परत कॉम्प्रेसरकडे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर बाहेर गेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. घरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद डब्यात असतो. मोटारीचा पट्ट्यावर चालतो, त्याची शाफ्ट सीलमधून बाहेर येते आणि पाइपांना रबरी नळ्या असतात. त्यामुळे वर्षाकाठी थोडासा गॅस झिरपणे स्वाभाविक आहे. चार-पाच वर्षांनी जुनी गाडी थोडी कमी गार करू लागली तर तक्रारीचे कारण नाही. पण मार्चमध्ये भरलेला गॅस दिवाळीपर्यंत जात असेल, तर गाडीत कुठे तरी भोक आहे, आणि ते न शोधता पुन्हा गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

आमच्याच जुन्या गाडीत दोन उन्हाळे असा गॅस भरला गेला. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या एका मिस्त्रीने चार्जिंगच्या तोंडावर साबणाचे पाणी लावले, आणि व्हॉल्व्हच्या पिनेतून बुडबुडे निघाले. पिनेची किंमत दोन माणसांच्या चहा-नाश्त्याइतकी. पहिल्या दोन वर्षांचे पैसे कुठे गेले, ते सांगायला नको.

आता लाखांदूरपुरते बोलू. हा धानाचा मुलूख आहे. मळणीच्या दिवसांत उडणारा भुसा, तणसाचे बारीक कण, राईस मिलच्या बाजूचा कोंडा आणि वर रस्त्याची धूळ, हे सगळे गाडीच्या पुढच्या जाळीतून आत जाऊन कंडेन्सरच्या पात्यांत बसते. मे महिन्यात वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरीचा पारा ४५-४६ अंशांवर जातो, तेव्हा आपल्याकडेही फार वेगळे नसते. अशा हवेत कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकायची, तर तो हवेपेक्षा बराच तापला पाहिजे. आर-१३४ए हा गॅस ६० अंशांवर असताना त्याचा दाब वातावरणाच्या सोळा-सतरा पट होतो. जाळी चोंदली किंवा पंखा मंद झाला, की दाब आणखी चढतो आणि गारवा कमी होतो. ग्राहक म्हणतो, ‘गॅस कमी झाला.’ मिस्त्री आणखी थोडा गॅस सोडतो. दाब अजून चढतो, आणि नागपूरच्या वाटेवर शंभराहून अधिक किलोमीटर जायचे असताना मध्येच कॉम्प्रेसर बसतो. गाडीत दवाखान्यात न्यायचा रुग्ण असला तर काय हाल होतात, ते ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. हे बहुतेक वेळा बेताच्या जोराने पाणी मारून कंडेन्सर धुतल्याने टळले असते.

‘गेज लावून पाहिले, गॅस कमी आहे,’ हे वाक्यही तपासून घ्यावे. गाडी बंद असताना गेजचा काटा गॅसचे प्रमाण दाखवत नाही. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी दाब ठरतो तो तापमानावरून. अर्धा किलो असो की पाव किलो, काटा तेच सांगतो. चालू गाडीत दोन्ही बाजूंच्या काट्यांवरून अंदाज येतो, पण प्रमाणाची खात्री वजनानेच होते. जुना गॅस काढून घ्यायचा, किमान अर्धा तास व्हॅक्यूम पंप लावून हवा आणि ओल ओढून काढायची, आणि बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेले वजन काट्यावर मोजून भरायचे. लहान गाडीत हे वजन अर्ध्या किलोच्या आसपास असते. आत राहिलेली ओल तेलात मिसळून आम्ल बनवते आणि कॉम्प्रेसर आतून खाते.

त्याहून जुन्या गाड्यांची गोष्ट निराळी. त्यांत आर-१२ होता, ज्याला बाजारात फ्रिऑन म्हणत. ओझोनच्या थराला तो घातक, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार जगभर तो बंद करण्याचे ठरले. भारत १९९२ मध्ये या करारात सामील झाला, २००३ पासून आर-१२ वर चालणारे मोटारींचे नवे ए.सी. बनवणे बंद झाले आणि २०१० पर्यंत असा गॅस वापरातूनच काढून टाकण्यात आला. तेव्हा अशा गाडीत सरळ आर-१३४ए सोडून चालत नाही. आर-१२ बरोबर खनिज तेल चालायचे, ते नव्या गॅसमध्ये विरघळत नाही. जुने तेल धुऊन काढणे, नवे तेल, नव्या ओ-रिंगा, नवा ड्रायर आणि पूर्वीपेक्षा थोडे कमी वजन, एवढे केले तरच गाडी टिकते.

काही ठिकाणी स्वस्त म्हणून स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचे मिश्रण भरले जाते. ते गारवा उत्तम देते, हे खरे आहे. पण कूलिंग कॉइल असते डॅशबोर्डच्या मागे, माणसे बसतात तिथेच. ती गळली आणि कोणी काडी ओढली, तर काय होईल याचा विचार करावा. बनावट गॅसचा धडा जगाने २०११ मध्ये घेतला आहे. त्या साली भेसळीच्या गॅसमुळे जहाजांवरच्या शीत कंटेनरांचे कॉम्प्रेसर फुटून कामगार दगावले होते.

मिस्त्रीची बाजूही आहे. गळती शोधायला दोन तास लागतात, आणि ग्राहक शोधण्याचे पैसे द्यायला तयार नसतो. ‘गॅस टाका आणि सोडा’ म्हणतो. दोष इथे ग्राहकाचाही आहे. डॉक्टरची तपासणी फी आपण देतो, मग मिस्त्रीची का नाही? तपासणीची मजुरी वेगळी ठेवावी, ती आधी सांगावी आणि काम करून घेतले तर बिलातून वजा करावी, असे आम्हाला वाटते. पंप आणि वजनकाटा एकट्याला परवडत नसेल, तर लाखांदूर किंवा वडश्यातील दोन-तीन गॅरेजवाल्यांनी मिळून घ्यावा. दाबाची चाचणी मात्र नायट्रोजननेच करावी. ऑक्सिजन लावला तर आतल्या तेलाशी गाठ पडून स्फोट होतो, आणि हवेच्या पंपाने ओल आत शिरते.

गॅस पुढे महागण्याची शक्यता आहे. आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, पण वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट आहे. अर्धा किलो हवेत सोडणे म्हणजे सुमारे तीनशे लिटर पेट्रोल जाळण्यासारखे. म्हणून २०१६ च्या किगाली करारात या जातीचे गॅस कमी करण्याचे ठरले. भारताने २०२१ मध्ये त्याला मंजुरी दिली असून आपल्याकडची कपात २०३२ पासून सुरू व्हायची आहे. आर-१२ बंद झाल्यावर जुन्या गाडीवाल्यांची जी धावपळ झाली, ती ज्यांना आठवते त्यांनी आपल्या गाडीची गळती आताच बंद करून घेतलेली बरी.

त्यासाठी मे महिन्याची वाट पाहू नये. तेव्हा लग्नसराई असते आणि मिस्त्रीला मान वर करायला फुरसत नसते. माघ-फाल्गुनात गाडी दाखवावी आणि पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: गळती कुठे सापडली, कोणता गॅस भरला आणि किती ग्रॅम भरला. पुढच्या वर्षी गाडी पुन्हा गरम हवा देऊ लागली, तर हीच पावती घेऊन त्याच मिस्त्रीकडे जावे.